शिंगराचा पायबंद

१२ जानेवारी

पोचले एकदाची. एल्दियारची गाडी इतकी म्हातारी, की घाटात दोनदा वाटलं, आता उतरून ढकलावी लागणार. सामान उतरवताना तो म्हणाला, मावशी, गाठोड्यात दगड भरलेत का? पुस्तकं आहेत म्हटल्यावर म्हणाला, बरं झालं, सरपण संपलं तर चिंता नको. बेगाइमनं त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि मला ओढतच आत नेलं. बेगाइम माझ्या चुलत बहिणीची मुलगी, एल्दियार तिचा नवरा. माझ्या मांडीवर बसून वाळल्या दह्याच्या गोळ्या चोखायची ती पोर, आता शाळेत मास्तरीण आहे.

घर गावाच्या टोकाला आहे. दोन खोल्या आणि मधोमध मोठी भट्टी. तिच्या भिंतीला पाठ टेकून बसलं की हाडं सैल होतात. अंगणात एक गाय, पुढे निळं फाटक, आणि फाटकासमोरच्या टेकडीवर कबरस्तान. एल्दियारची आई, आपा, तिथंच आहे. नोव्हेंबरमध्ये गेली. पोराला सांभाळायला कोणी उरलं नाही म्हणून मला बोलावलं. घाट नीट मोकळा झाला की सगळे राजधानीत, बिश्केकला, राहायला जाणार आहेत. एल्दियारला तिथं नोकरी लागली आहे. मलाही नेणार म्हणतात.

पोराचं नाव बायेल. सव्वा वर्षाचा. त्यानं आधी माझा चष्मा ओढला, मग बोट चावलं, आणि मग स्वतःवरच खूश होऊन हसला. चालतो मोठा गमतीनं. दोन्ही पाय जवळ ठेवून, इवल्या इवल्या उड्या मारत, पायबंद घातलेल्या घोड्यासारखा. मला हसू आलं. ते दोघं हसले नाहीत. दिवसभराचे दमलेले असतील.

जोलदोश, तू गेल्यापासून आज पहिल्यांदा मी दुसऱ्या कोणासाठी चहा ओतला.

१६ जानेवारी

इथला दिवस आता हाताला बसला. एल्दियार बर्फ लोटायचा ट्रॅक्टर घेऊन घाटात जातो, बेगाइम शाळेत जाते. मग राज्य माझं आणि बायेलचं. मी गाय पिळते, शेणी आत आणते, भट्टी पेटवते. तो माझ्यामागे उड्या मारत येतो आणि मी ठेवलेली प्रत्येक वस्तू उचलून दुसरीकडे ठेवतो. आज माझा एक मोजा दुधाच्या बादलीत सापडला. दुपारी त्याला बेशिकात, म्हणजे आमच्या लाकडी पाळण्यात, पट्ट्यांनी बांधून झोपवते आणि वाचत बसते.

माझी शाळा अर्धीच झाली. बाकीचं वाचन कुरणावर शिकले. गावचं वाचनालय बंद पडलं, तेव्हा माझ्या नवऱ्यानं, जोलदोशनं, पोतंभर पुस्तकं घोड्यावर लादून आणली होती. म्हणायचा, लोकांच्या बायका कानात डूल मागतात, माझी कागद मागते.

आमची लेक आयझान दहा महिन्यांची असताना गेली. भिंत धरून उभी राहायची. पाऊल टाकलं नव्हतं. हे एकदा लिहून टाकते, म्हणजे रोज लिहावं लागणार नाही.

२१ जानेवारी

आज ऊन पडलं, म्हणून बायेलला बाहेर नेलं. अंगणभर माझ्यापुढे उड्या मारत गेला. फाटकाशी मात्र असा थांबला, जणू कोणी पायातला दोर खेचला. तोंडावर पडला. उचलून फाटकाबाहेर एक पाऊल टाकलं, तर अंग लाकडासारखं ताठ झालं, ओठ निळे पडले. घाबरून मागे आले. आत येताच रडायला लागला आणि रंग परत आला.

संध्याकाळी बेगाइमला सांगितलं. ती भांडी घासत होती, हात थांबले नाहीत. म्हणाली, आम्हाला माहीत आहे, मावशी. दोनदा गाडीत सामान भरून निघालो होतो. दोन्ही वेळा त्याचा श्वास अडकला, दोन्ही वेळा परत आलो. डॉक्टर येऊन गेला, म्हणाला, पाय ठणठणीत आहेत, मोठा होईल तसा सुधारेल. हे मी तुला आधी सांगितलं असतं तर तू आली असतीस का? मी म्हटलं, आले असते. ती म्हणाली, मग झालं तर. आणि भांड्यावर वाकून रडली.

एल्दियार बाहेर गाडीचं बॉनेट उघडून बसला होता. गाडीला काहीही झालेलं नव्हतं.

२४ जानेवारी

शेजारची बूबूकान आली. वय झालं तरी जीभ तरणी. आल्या आल्या माझ्या पुस्तकाकडे बघून म्हणाली, अगं, घोडे राखणाऱ्याची बायको तू, अक्षरं कसली राखतेस? मी म्हटलं, घोडे विकले, अक्षरं कोणी घेईना. ती खूप हसली आणि चहाच्या चौथ्या वाटीला कुठे खरं खरं नको म्हणाली.

मी सहज विचारलं, याचा दोर कोणाकडून कापवला होता? चाल अशी का? मूल चालायला लागलं की काळ्या-पांढऱ्या दोरानं त्याचे पाय बांधतात आणि चांगल्या चालीच्या माणसाच्या हातून कापवतात, हे आमच्यात कोणी चुकवत नाही. दोर कापला की मूल जगात मोकळं झालं.

बूबूकाननं वाटी खाली ठेवली. म्हणाली, कापलाच नाही. सोहळ्याचा दिवस होता, मेंढा कापला होता, पाहुणे वाटेवर होते. आपानं स्वतः बकरीच्या केसांचा दोर वळला होता. त्यात स्वतःचे पांढरे केसही घातले होते, पोराला आपलं आयुष्य मिळावं म्हणून. सकाळी मापाला पोराच्या पायात बांधून बघितला आणि गाठ न सोडता मोज्यासारखा तसाच ओढून काढून खिळ्याला अडकवला. दुपारी भट्टीशी बसल्या बसल्या गेली. सोहळ्याचा मेंढा मयताच्या जेवणाला लागला.

मी विचारलं, मग तो दोर कुठे आहे?

तिनं रिकामी वाटी पुसायला घेतली. मग म्हणाली, आंघोळ आम्हीच घातली, तिघी जणींनी. बोटं गारठली होती. मयताचे पाय बांधायला कापडाची पट्टी सापडेना. खिळ्याला दोर दिसला, त्यानंच बांधले. त्या वेळी कोणाच्या लक्षात आलं नाही. आणि असंही, कबरीत उतरवताना पायाची गाठ सोडतातच ना?

आमच्यात बायका कबरस्तानात जात नाहीत. संध्याकाळी मी एल्दियारला विचारलं, आईच्या पायाची गाठ कोणी सोडली? तो म्हणाला, वादळ सुटलं होतं, डोळ्यापुढचा हात दिसत नव्हता, घाईत उरकलं. गाठ बायकांनीच सोडली असेल ना?

मग त्याला कळलं, गाठ कोणीच सोडलेली नाही, दोर अजून आईच्या पायात आहे.

२८ जानेवारी

काल बर्फ पडला. सकाळी गाईकडे जाताना घराभोवती पावलं दिसली. माणसाची, अनवाणी, छोटी. दोन्ही जवळजवळ, आणि त्यांच्यामध्ये बर्फात ओढल्याची रेघ. जोलदोशनं पायबंद घालून सोडलेल्या घोड्यांची पावलं मी जन्मभर पाहिली आहेत. तशीच.

टेकडीवरून येतात, घराला फेरी घालतात, खिडकीशी थांबतात.

बेगाइमला दाखवली. तिनं झाडूनं पुसून टाकली आणि शाळेत गेली. दुपारी बायेल पाळण्यातून खिडकीकडे बघून हात हलवत होता. बाहेर कोणी नव्हतं. आपा, असं त्यानं स्वच्छ म्हटलं. त्याला अजून आई म्हणता येत नाही.

३१ जानेवारी

आज घरात मोठ्यानं बोलणं झालं. एल्दियार परवा मौलवींकडे गेला होता. ते म्हणाले, एकदा झाकलेली कबर उघडत नाहीत, आणि उघडायची म्हटली तरी जमीन लोखंड झाली आहे, मेपर्यंत कुदळ शिरणार नाही. मग येऊन प्रार्थना म्हणून गेले. पावलं दुसऱ्या दिवशी पुन्हा होती.

बेगाइम म्हणाली, जिवंतपणी तुझी आई म्हणायची, नातवाला न्यायचं तर माझं मढं ओलांडून जा. घे आता, ओलांड. एल्दियार म्हणाला, ती रागात बोलायची, मनात काही नसायचं. बेगाइम म्हणाली, मनात नव्हतं ते पायात राहिलं.

मध्ये बायेल. एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे, त्याच त्या अडकल्या उड्या मारत.

आज खिडकीच्या काचेवर बाहेरून श्वासाचं धुकं होतं. काच पुसली, तर पुन्हा आलं.

बिचारी काही वाईट करायला येते असं मला वाटत नाही. दोन जिवांच्या पायात एकच दोर आहे. ती त्याला सोडू शकत नाही, तो तिला. पण पोराचे ओठ आता घरातही निळे पडतात.

२ फेब्रुवारी

जोलदोश, तुझं एक बोलणं दिवसभर डोक्यात आहे. घोडी बांधायची नसते, शिंगरू बांधायचं, म्हणजे घोडी कुठे जात नाही. इथं तेच झालं आहे. शिंगरू बांधलेलं आहे आणि घोडी टेकडीवरून उतरून त्याच्याभोवती फिरते आहे.

आणि शिंगरू न्यायचं असेल तर? मेलेल्या शिंगराच्या कातड्यात आपण पेंढा भरायचो, आठवतं? ते पुढ्यात उभं केलं की घोडी त्याला चाटायची, पान्हा सोडायची. मला ते बघवत नसे. तू म्हणायचास, तिला फसवतो असं नाही गं, तिला जरा वेळ देतो.

दोघांना सांगितलं. एल्दियार हसेल असं वाटलं होतं. त्यानं उठून गंजीतून पेंढा आणला.

४ फेब्रुवारी

झालं. बायेलचा अंगातला, न धुतलेला सदरा, पायजमा आणि टोपी घेतली. पेंढा ठासून भरला. पोटाशी गरम वीट ठेवली. काळी-पांढरी लोकर वळून दोर केला आणि त्या पायांत बांधला. बेशिकात घालून पट्ट्या आवळल्या आणि झोके द्यायला लागले. रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात. हा रिकामा नव्हता.

खिडकीवर धुकं आलं. बराच वेळ राहिलं.

तेवढ्यात बेगाइमनं बायेलला मागच्या दारानं नेलं. मी झोका न थांबवता मान वळवून बघत होते. फाटकाशी तिनं डोळे मिटले आणि त्याला खाली ठेवलं. तो उभा राहिला. एक पाय पुढे टाकला, मग दुसरा त्याच्यापुढे. आणि पळत सुटला! सरळ गाडीकडे, लांब टांगा टाकत, मागे एल्दियार, त्याच्या मागे बेगाइम, पायातला एक बूट बर्फातच टाकून. ते तिघं एकदम हसले की रडले, आतून कळलं नाही.

कोणीतरी झोका द्यायला मागे राहायला हवं होतं. माझ्याशिवाय कोण राहणार? बेगाइम ऐकत नव्हती. तिला म्हटलं, मला पेंढ्याला सांभाळायची सवय आहे. एल्दियार त्यांना शहरात सोडून, ट्रॅक्टर घेऊन मला न्यायला येईल. तोवर घोडी पुरती भुलली असेल.

७ फेब्रुवारी

बेगाइमचा फोन आला. बायेल दिवसभर पळतो, खालच्या मजल्यावरचे लोक भांडायला आले, म्हणाले, वर काय घोडा पाळलाय का? ती इतकी हसत होती की धड बोलता येईना. हे तिघं इथून गेल्यावर घाटात बर्फाचा कडा कोसळला. वाट उघडेपर्यंत मी इथंच.

गाय बूबूकानकडे पाठवली. म्हणजे बाहेर जायचं कारण कमी झालं. झोका देते, भट्टी बघते, वाचते. मोठ्यानं वाचते. घर फार शांत आहे.

पावलं दारापर्यंत आली आहेत.

८ फेब्रुवारी

सकाळी पाळण्याशी गेले तर सदरा ओला. गळा, छाती, टोपीची कड. पाणी सांडलेलं नाही. चाटल्यासारखा ओला.

काढून भट्टीवर वाळवला. पुन्हा घातला. घालताना हाताला पेंढा टोचला नाही.

१० फेब्रुवारी

दोर माझा नाही. मी मेंढीच्या लोकरीचा वळला होता. पायात आहे तो बकरीच्या केसांचा, मातीनं भरलेला, ओलसर, आणि त्यात लांब पांढरे केस.

दारातली पावलं बघितली. आत येणारी जवळजवळ, मध्ये रेघ. बाहेर जाणारी लांब लांब. रेघ नाही. सरळ टेकडीवर गेलेली, परत न आलेली.

म्हणजे सुटली ती. पायातलं इथं ठेवून गेली.

आता भट्टी विझवावी, दार ओढून बूबूकानकडे जाऊन बसावं. उद्या जाईन.

११ फेब्रुवारी

गेले नाही. वीट गार झाली होती. तेवढी गरम करून निघू म्हटलं. मग झोका थांबला तर —

वीट काढली. त्याचं पोट गरमच होतं.

१२ फेब्रुवारी

बूबूकान फाटकात उभी राहून ओरडत होती. आत यायला तयार नाही. म्हणाली, सुयूमकान, अक्कल गहाण ठेवलीस का? पेंढा जाळ आणि चल. मी म्हटलं, येते, याला जरा झोपू दे.

कोणाला, असं तिनं विचारलं.

फाटकापर्यंत गेले होते मी. खरंच गेले होते. पाळण्यातून आवाज आला. रडणं नाही. भिंत धरून उभी राहताना आयझान काढायची, तो. मी वळले. पाय वळले.

जोलदोश, फसवत नाही, वेळ देतो, असं म्हणायचास. त्या घोडीला कोणी विचारलं होतं का —

१३ फेब्रुवारी

घाट उघडला. खाली ट्रॅक्टरचा आवाज येतो आहे.

पट्ट्या सुटलेल्या आहेत. मी सोडल्या नाहीत.

नंतर

एल्दियार फाटकाशी आहे. भोंगा वाजवतो आहे. मावशी, मावशी, म्हणतो आहे. गाठोडं बांधून दाराशी ठेवलं आहे, पुस्तकं आत, फक्त उचलायचं —

भिंत धरून उभं आहे. टोपी डोळ्यांवर आलेली. एक हात सोडला. पाऊल टाकायचं आहे, पाय अडकतात. बांधलेले पाय आहेत, कसं टाकेल —

हे कोण आहे ते मला माहीत आहे. पेंढा आहे. माहीत आहे. मीच भरला.

पुन्हा भोंगा.

थांब रे, बाबा. एवढंच करून येते. सोहळा चुकला तर मूल अडकून राहतं. सुरी घेतली आहे, खाली बसले आहे. माझ्याकडेच बघते आहे. आईझानचे डोळे, नाही, आयझा —

दोर कापते. एक पाऊल बघते आणि